फुली मारलेली ओळ

टेलर मास्तरांच्या पोटात अख्ख्या गल्लीच्या कमरा होत्या, आणि त्यातली एकही कधी ओठांवर आली नव्हती. छत्तीस वर्षं त्यांनी दुकान चालवलं. कोण सुटलं, कोण वाळलं, कुणाचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे, कोण पोट आत ओढून माप देतं आणि मग पँट आवळते म्हणून भांडायला येतं, सगळं त्यांना ठाऊक. पण कुणी दुसऱ्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "ज्याचं माप त्याला विचारा."

समोरच्या केमिस्टने एकदा सख्ख्या भावाशी पैज लावली होती, दोघांत जाड कोण यावर. केमिस्ट म्हणजे मास्तरांचा जुना दोस्त, गिऱ्हाईक नसलं की दुपारचा त्यांच्या बाकावर येऊन बसणारा. मास्तरांनी नुसती वही उघडली असती तरी निकाल लागला असता. पण मास्तर गळ्यात टेप घालून ढिम्म! दोघे भाऊ तीन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत, मास्तरांचं मात्र नाव झालं. हे आधी सांगायचं कारण एवढंच, की पुढे जो घोटाळा झाला त्याचं मूळ या भरवशात आहे.

घराघरांत फोन आले आणि फोनमागून कुलपं आली. फोन उघडायला सहा आकडे, फोनमधलं आणखी काही उघडायला आणखी सहा. लक्षात कोण ठेवणार? कागदावर लिहावं तर कागद धुण्यात जातो, पोरांना सांगावं तर पोरं हसतात. पहिल्यांदा केमिस्टच म्हणाला, "मास्तर, तुमच्या वहीत माझी कंबर सुखरूप आहे, तिथेच हे आकडेही ठेवा की!" मास्तरांना ते पटलं. त्यांनी केमिस्टच्या पानावर, मापांच्या खाली, सहा आकडे दोन-दोन करून लिहिले. छाती, कंबर, सीट. आणि कडेला बारीकशी फुली मारली. फुली असेल ती ओळ माप नव्हे, कुलूप. चोराने वही पळवली तरी त्याला वाटावं, कुणीतरी विचित्र बांध्याचा माणूस आहे झालं.

वर्षभरात चाळीसेक पानांवर फुल्या पडल्या. मास्तर खूश होते. एवढ्या मोठमोठ्या कंपन्यांना जे जमलं नाही ते आपण एका पेन्सिलीत करून दाखवलं, असं ते मनातल्या मनात म्हणत आणि कधीकधी मनाबाहेरही.

हे सगळं ऐकायला घरचं एक माणूस कायम हजर असे. मास्तरांची बायको. सगळी गल्ली तिला वहिनी म्हणे. खिडकीखालच्या बुटक्या स्टुलावर बसून तिने तीस वर्षं काजं केली, बटणं लावली, तुरपाई केली. कात्रीला मात्र हात लावायचा नाही, कात्री मास्तरांची. "कापड एकदा कापलं की कापलं," मास्तर म्हणत, जणू तिला ते माहीतच नव्हतं. सुया टोचून टोचून तिच्या बोटांच्या टोकांवर इतके घट्टे पडले होते की तिचा फोन तिचा अंगठा ओळखत नसे. म्हणून तिलाही आकडेच लागत.

मग लेकीने सोय केली. मास्तरांची लेक एका विमा कचेरीत नोकरीला. तिने एका रविवारी वही उघडली तर तीन पानं हातातच आली.

"बाबा, ही भिजली तर? हिला आग लागली तर?"

"छत्तीस वर्षांत लागली नाही."

"मी फोटो काढून सगळं फोनमध्ये टाकते. अॅप आहे, ते अक्षर वाचतं. नाव टाकलं की माप समोर. चष्मा शोधायला नको, पानं उलटायला नको."

केमिस्ट बाकावर होताच. "घ्या करून मास्तर, सोय म्हणजे सोय! मी परवा घरबसल्या चपला मागवल्या. फक्त एक कळत नाही, तेव्हापासून फोन मला रोज लोकरी मोजे दाखवतो. माझे पाय गार पडतात हे त्याला सांगितलं कुणी?"

"तूच बोलला असशील," मास्तर म्हणाले.

"फोनशी?"

"बायकोशी. फोन उशाशी असेल."

केमिस्टने खिशातला फोन काढून बाकावर पालथा ठेवला, मग उचलून परत खिशात घातला. कुठे ठेवावा ते त्याला सुचेना. शेवटी म्हणाला, "जाऊ दे हो, ऐकलं तर ऐकलं. आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय? कर नाही त्याला डर कशाला!" मास्तरांनी मान डोलावली. वहिनीने दोरा दातांनी तोडला.

दोन रविवारांत वही फोनमध्ये गेली. लेक म्हणाली, आता ही रद्दीत द्या. मास्तर हो म्हणाले आणि त्यांनी ती कापायच्या टेबलाखालच्या पेटीत, अस्तराच्या तुकड्यांखाली ठेवून दिली.

थंडी पडायला लागली होती. वहिनीचा कोट अकरा वर्षांचा, कोपरांवर पार विरलेला. तिला न सांगता नवा शिवायचा, असं मास्तरांनी ठरवलं. करड्या रंगाचं चांगलं जाड कापड घेतलं. बायकोचं माप त्यांना तोंडपाठ होतं, लग्नाच्या वर्षी घेतलेलं, आणि तिचा प्रत्येक ब्लाउज ते त्याच पाठांतरावर बेतत आले होते. पण हातात नवी सोय होती. सहज म्हणून त्यांनी फोनमध्ये तिचं नाव टाकलं.

छाती बेचाळीस, कंबर पंचेचाळीस, सीट एक्केचाळीस.

मास्तरांनी चष्मा पुसला. परत पाहिलं. तेच! खाली लेकीच्या अॅपने लिहिलं होतं, सर्वांत अलीकडचं माप. आता बायको खिडकीशी बसलेली, अंगावर ढगळ स्वेटर, वर शाल. त्यांनी तिरक्या नजरेने अंदाज घ्यायचा प्रयत्न केला. पंचेचाळीस? कधी झाली? रोज एका ताटाच्या अंतरावर जेवणारी बाई सोळा-सतरा इंचांनी वाढते आणि नवऱ्याला, तोही शिंपी, पत्ता नाही? आणि हे अलीकडचं माप घेतलं कुणी? ते काही त्यांना आठवेना. विचारावं तर कोटाचं गुपित फुटतं, आणि बायकोला एकदम कंबर विचारायची तर त्याला वेगळी छाती लागते.

"काय बघताय?" ती म्हणाली.

"काही नाही. बस तू."

ते फार गोंधळले, आणि गोंधळलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. स्वतःच्या डोळ्यांवर नव्हे, यंत्रावर विश्वास ठेवला. यंत्र कशाला खोटं बोलेल? त्याला काय आपली भीड आहे? आणि त्यांनी करड्या कापडात कात्री घातली.

कोट वहिनीच्या अंगावर चढला. आत आणखी एक वहिनी उभी राहिली असती! पोटापाशी कापड असं लोंबत होतं की लेकीने आधी तोंड दाबलं आणि मग हसून हसून खाली बसली. वहिनीने मात्र हसण्याऐवजी एक विचित्र गोष्ट केली. तिने विचारलं, "कोणत्या मापाने कापलात?"

"फोनमधल्या. बेचाळीस, पंचेचाळीस, एक्केचाळीस."

तिचा चेहरा क्षणभर उतरला. मग ती म्हणाली, "छान आहे की. आत स्वेटर घालीन." आणि कोट घडी करून घेऊन गेली. मास्तरांना वाटलं, जाडीचं बोललो म्हणून दुखावली. दिवसभर ते मनाला लावून घेत राहिले.

दुसऱ्या दिवशी केमिस्टने फोनच्याच मापाने कापलेली नवी पँट घालून पाहिली आणि ती त्याच्या कमरेवरून थेट चपलांवर उतरली. आता मात्र मास्तरांनी पेटी उघडली. अस्तरं उपसली, वही काढली, केमिस्टचं पान शोधलं. मापं वर होती, बरोबर होती. अॅपने उचलली होती खालची ओळ. फुलीची! यंत्राने अक्षर वाचलं, आकडे वाचले, पण फुली म्हणजे काय हे त्याला कोण सांगणार? त्याच्या लेखी ती सर्वांत शेवटची ओळ, म्हणून सर्वांत अलीकडचं माप.

संध्याकाळी लेकीने डोक्याला हात लावला. "बाबा! तुम्ही अख्ख्या गल्लीचे पासवर्ड वहीत लिहिता?"

"वहीत होते तोवर सुरक्षित होते. फोनमध्ये तू घातलेस."

"मला काय माहीत ते पासवर्ड आहेत? मला वाटलं लोक बेढब आहेत!"

चूक कुणाची, हे आजवर त्या घरात ठरलेलं नाही. मास्तरांनी घरोघरी जाऊन सगळ्यांना आकडे बदलायला सांगितलं. सगळ्यांनी बदलले, आणि चौघाजणांनी तिथल्या तिथे विचारलं, "मास्तर, नवे लिहून घेता ना?"

पण हे झालं बाहेरचं. मास्तरांच्या पायाखालची वाळू सरकली ती त्याआधीच, दुपारी. कारण केमिस्टच्या पानानंतर त्यांनी बायकोचं पान उघडलं होतं. तीस वर्षांत पहिल्यांदा. वर लग्नाच्या वर्षीचं माप, त्यांच्या तरुण अक्षरात. आणि खाली ताज्या पेन्सिलीने एक ओळ, जी त्यांनी लिहिलेलीच नव्हती. बेचाळीस, पंचेचाळीस, एक्केचाळीस. इंग्रजी चारचा आकडा वर उघडा, तिच्या पद्धतीचा. कडेला फुली, टाका घातल्यासारखी नेटकी.

म्हणजे बायकोच्या फोनचं कुलूप त्यांच्या हातात होतं, आणि त्यांना ते नको होतं. नको असून सुटतही नव्हतं. एकेक आठवायला लागलं. हल्ली ती फोन पालथा ठेवते. ते जवळ आले की पडदा काळा होतो. दुपारी ते आतल्या खोलीत आडवे होतात तेव्हा बाहेर कुणाचा तरी हळू आवाज येतो, बाईचा, कधी पुरुषाचा, आणि ही मधूनच हसते. आधी हे सगळं सहज होतं. आता फुली पाहिल्यावर काहीच सहज राहिलं नाही.

त्यांनी केमिस्टला अर्धवट सांगितलं. कुणाचं ते न सांगता, "समजा एखाद्याकडे दुसऱ्याच्या फोनचा आकडा असला तर," असं. केमिस्टने "समजा" कडे दुर्लक्ष केलं. "वहिनींचा ना? मग बघून घ्या आणि मोकळे व्हा. घरच्या माणसांत कसलं कुलूप?"

त्यांना खरं तर हेच ऐकायचं होतं आणि ऐकल्यावर ते आणखी अस्वस्थ झाले. लोकांचं झाकलं माप झाकलेलं ठेवण्यात त्यांचा जन्म गेला. त्यावरच लोक त्यांच्यापुढे हात वर करून उभे राहत. पण बायको म्हणजे का लोक? आणि लोक नसेल तर तिने लपवावं तरी का?

गुरुवारी दुपारी वहिनी दोऱ्याची रिळं आणायला गेली. फोन टेबलावर, वायरीला लावलेला. मास्तर तीनदा त्याच्यापाशी जाऊन परत आले. एकदा त्यांनी त्यावर कापड टाकलं, मग काढलं. शेवटी कर नाही त्याला डर कशाला म्हणत त्यांनी बोट टेकवलं. चार, दोन. चार, पाच. चार, एक.

फोन थरथरला आणि बंदच राहिला. त्यांनी परत टाकले, सावकाश. परत थरथरला. त्यांनी तो चटका बसल्यासारखा खाली ठेवला आणि उगाच एका तयार पँटची तुरपाई उसवायला घेतली.

वहिनी आली. रिळं ठेवली, फोन उचलला, पाहिला. बराच वेळ पाहिला. मग तो तसाच त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर फोटो होता. खालून काढलेला. दोन मोठ्या नाकपुड्या, कपाळावर चढवलेला चष्मा, गळ्यात टेप आणि अर्धवट उघडं तोंड. असा भांबावलेला माणूस मास्तरांनी आयुष्यात पाहिला नव्हता.

"चुकीचा आकडा टाकला की फोन टाकणाऱ्याचा फोटो काढून ठेवतो," ती म्हणाली. "माझी फुलीची ओळही माप म्हणून फोनात गेल्याचं त्या दिवशी कोटावरून कळलं. त्याच दिवशी मी आकडा बदलला."

मास्तरांना भुईने पोटात घ्यावं असं झालं. "अगं, मला वाटलं, लपवण्यासारखं काही नसेल तर..."

"ट्रायल रूमला पडदा का लावलाय तुम्ही?"

"आं?"

"आत लोक काय चोरी करतात? कपडेच बदलतात ना? मग काढून टाका पडदा."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. त्यांनीच शिवलेला, दुहेरी, खालून वीतभर जास्त, कुणाचे पायसुद्धा दिसू नयेत म्हणून.

"छत्तीस वर्षं तुमच्याकडून कुणाचं माप फुटलं नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. "एक माझंच फोडायला निघालात."

"पण मग तू ते माझ्याच वहीत कशाला लिहिलंस?"

"तुम्ही माझं पान कधी उघडत नाही. याहून सुरक्षित जागा मला सापडली नाही."

ती आत गेली आणि कोट घालून बाहेर आली. तोच करडा कोट. मास्तर उठून उभे राहिले. खांदा खांद्यावर बसला होता. कंबर नेमकी कमरेत. बाही अशी लावलेली की हात वर केला तरी कोटाचं अंग वर ओढलं जात नव्हतं. ते तिच्याभोवती एक फेरी फिरले, मग दुसरी, चूक शोधत. पाठीच्या शिवणीवरून त्यांनी नख फिरवलं. चूक नव्हती.

"कुणाकडून करून आणलास?"

"कुणाकडून म्हणजे?"

"हे कुणी कापलं?"

"मी. तुमच्याच कात्रीने. दुपारी तुम्ही आडवे होता तेव्हा."

तिने नवे आकडे टाकले, अंगाने आडोसा करून, आणि फोन पुढे केला. एक बाई फळ्यावर गळ्याचा आकार काढत होती. पुढच्या व्हिडिओत एक म्हातारा कॉलर कापून दाखवत होता. त्याखाली वहिनीने जुन्या वर्तमानपत्रांवर बेतलेल्या बाह्या, खांद्याचे योक, झगे, साठ-सत्तर फोटो. आठ महिन्यांचा वर्ग. येत्या सोमवारी परीक्षा, फोनसमोर उभं राहून कापायची.

"मला का नाही सांगितलंस?"

"नापास झाले तर तुम्ही जन्मभर चिडवलं असतं. आणि पास झाले तर," ती थांबली, "तर मीच शिकवलं म्हणाला असता. या दुकानात सगळं तुमच्या नजरेखाली आहे हो. माझं बसणं, उठणं, दोरा किती लागला ते. हे एवढं माझं होतं."

मास्तरांना लाज वाटली. थोडा हेवाही वाटला, कारण ती बाही त्यांच्या बाहीपेक्षा बरी होती. त्यांनी गळ्यातला टेप काढला. "हात वर कर," ते म्हणाले, मग घाईने, "करतेस का?"

छाती अडतीस, कंबर चौतीस, सीट चाळीस. त्यांच्या पाठांतरातलं एकही नाही. "मग मी शिवलेले ब्लाउज तुला इतकी वर्षं बसले कसे?"

"तुम्ही शिवलेला प्रत्येक उसवते. आत दुमडलेलं कापड सोडते, परत शिवते. पहिल्या बाळंतपणापासून."

वही पुढे ओढून त्यांनी जुनं माप खोडलं आणि नवं लिहिलं.

"सोमवारपर्यंत कुणाला बोलायचं नाही," ती म्हणाली. "लेकीलाही नाही."

शनिवारी वहिनी तो कोट घालून केमिस्टकडे मलम आणायला गेली. पाठोपाठ केमिस्ट धावत दुकानात, ती येऊन स्टुलावर बसते न बसते तोच.

"मास्तर, कोट बघितला! काय कटिंग आहे! खरं सांगू का, गेली दहा वर्षं तुमचा हात जरा उतरला होता. हे म्हणजे काय, एकदम जवानी आली की हो हाताला! माझाही एक असाच शिवा."

तीस वर्षांत इतकं खरं कौतुक कुणी केलं नव्हतं, आणि ते त्यांचं नव्हतं. गप्प बसावं तर चोरीचं कौतुक खिशात पडतं, बोलावं तर तिचं गुपित फुटतं. खिडकीखाली वहिनीची सुई कापडात अर्धी जाऊन थांबली होती.

केमिस्ट जवळ सरकला, आवाज खाली आणून म्हणाला, "आणि त्या फोनचं काय झालं? उघडलात ना? काय निघालं?"

मास्तरांनी टेप गळ्यात घातला. "ज्याचं माप त्याला विचारा."

"कोटाचं की फोनचं?"

"दोन्हीचं."

केमिस्टने एकदा मास्तरांकडे पाहिलं, एकदा वहिनीकडे, आणि काहीच न उमजून तो बाकावर बसला. खिडकीखाली सुई परत चालू झाली. मास्तरांनी केमिस्टची ती ढगळ पँट टेबलावर पसरली, खडूने नवी रेघ मारली आणि कात्रीसाठी हात पुढे केला. कात्री नेहमीच्या खिळ्यावर नव्हती, वहिनीच्या स्टुलापाशी होती. मास्तर दुसरी कात्री शोधायला आत गेले.